लागणीच्या दिवसांतला ब्लेंडेड कोर्स : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याच्या कांदा पट्ट्यातलं एक स्वायत्त महाविद्यालय. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं दुसरं सत्र, पेपर संख्याशास्त्राचा, चार श्रेयांकांचा. हजेरीपटावर ६८ नावं. शिकवणारे आम्ही दोघं: मी कायम सेवेतला आणि माझ्यासोबत तासिका तत्त्वावर नेमलेल्या एक मॅडम. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा माझ्या आहेत.

आमच्याकडे दुसरं सत्र डिसेंबरात सुरू होतं. नेमकी तीच उन्हाळ कांद्याच्या लागणीची वेळ. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून घरातली पोरं-पोरी वाफ्यात. शिवाय लाल कांदा विकायचा असतो, म्हणजे बापासोबत पहाटे पिकअपमध्ये बसून मार्केटला जायचं. मार्चच्या अखेरीस उन्हाळ कांदा काढणीला येतो आणि तेव्हा आमची परीक्षा तोंडावर असते. या सत्रात वर्ग निम्मा रिकामा असतो हे महाविद्यालयात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी फारसं बोलत नव्हतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र (ब्लेंडेड) पद्धतीचा मसुदा काढला. कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन घ्यावा, असं त्यात होतं. पुढे नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, फेरी जवळ आली तेव्हा प्राचार्यांनी विचारलं, "सर, एखादा पेपर ब्लेंडेड करून दाखवता का?" मला वाटलं, गैरहजेरीवरही हाच उतारा आहे. जो वर्गात नाही तो घरी पाहील. हा विचार वेडगळ नव्हता. कोलोरॅडोतल्या वूडलँड पार्कच्या शाळेत बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ मध्ये तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली तीही सामन्यांपायी तास बुडणाऱ्या मुलांसाठीच. उलट्या वर्गाची, म्हणजे धडा घरी आणि सराव वर्गात, ही कल्पना त्यातूनच पुढे लोकप्रिय झाली.

गणित सोपं होतं. आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे, एकूण ६० तास. त्याचे ४० टक्के म्हणजे २४. आठवड्याला १.६ तास वेळापत्रकात बसवता येत नाहीत, म्हणून एका आठवड्यात दोन आणि पुढच्या आठवड्यात एक असं करून २३ तास ऑनलाइन टाकले. अभ्यास मंडळाने मंजुरी दिली. त्या बैठकीत कोणते २३ तास, असं कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

अडचण

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही स्टाफरूममध्ये फोनवर व्हिडिओ केले. एकेक अठरा-वीस मिनिटांचा, पंख्याच्या आवाजासकट. मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर कोर्स उभा केला, यूट्यूबवरचे व्हिडिओ जोडले, प्रत्येकाखाली पाच प्रश्न ठेवले आणि वर्गात सांगितलं, "पाहून या, मग इथे उदाहरणं सोडवू."

तिसऱ्या आठवड्यात मध्यक होता, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा. मी विचारलं, "व्हिडिओ किती जणांनी पाहिला?" अकरा हात वर आले. मी मागे वळलो, खडू उचलला आणि अख्खा व्हिडिओ पुन्हा फळ्यावर शिकवला. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने व्हिडिओ दोनदा पाहून वहीत टाचणं काढून आणली होती. पाचव्या मिनिटाला तिने वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत बसली. पुढच्या आठवड्यात सहाच हात वर आले आणि त्यात तिचा नव्हता.

न पाहणाऱ्यांना तास फुकटात मिळाला आणि पाहून येणाऱ्यांना तेच दोनदा ऐकण्याची शिक्षा. पोरं हुशार असतात. कशाची किंमत वर्गात वटते हे त्यांना दोन आठवड्यांत कळतं.

दुसरी गोष्ट मॅडमच्या लक्षात आली. व्हिडिओ कुठपर्यंत पाहिला गेला याचा आलेख यूट्यूब दाखवतं. मध्यकाच्या व्हिडिओचा आलेख नवव्या मिनिटाला कडा कोसळावा तसा खाली येत होता. आम्ही व्हिडिओ लावून पाहिला. नवव्या मिनिटाला मी म्हणतोय, "आता सूत्र लिहून घ्या." मॅडम म्हणाल्या, "सर, पोरं कंटाळून जात नाहीयेत, घाबरून जातायत." वर्गात चेहरे पडलेले दिसले की मी थांबतो, मागे जातो, दुसरं उदाहरण घेतो. व्हिडिओतला मी तसाच पुढे बोलत राहतो. जो भाग एकट्याने पेलत नाही तोच आम्ही पोरांना एकट्याने करायला दिला होता, आणि जे एकट्याने जमलं असतं ते, म्हणजे सूत्रात आकडे घालणं, वर्गात सगळ्यांनी मिळून करत बसलो होतो.

तिसरी अडचण वेळेची. आम्ही ऑनलाइन भाग वाढवला, पण वर्गातलं एक पानही कमी केलं नव्हतं. नोट्स उतरवून देणं चालूच, फळ्यावर लांबलचक कोष्टकं चालूच. या कामातले लोक याला 'दीड कोर्स' म्हणतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलित अभ्यासात मिश्र वर्ग नुसत्या प्रत्यक्ष वर्गांपेक्षा सरस ठरले होते. मात्र या वर्गांतल्या मुलांना बऱ्याचदा जास्त वेळ आणि जादा साहित्यही मिळालं होतं, असा इशाराही त्याच अहवालात होता. आमच्या पोरांकडे जादा वेळ हीच गोष्ट नव्हती.

चौथ्या आठवड्यानंतर मी एक तास शिकवणं थांबवलं आणि कागदावर पाच प्रश्न लिहून घेतले. फोन कोणाचा? तो हातात कधी येतो? रेंज कुठे असते? घरी काय काम असतं? अभ्यासाला सलग किती वेळ मिळतो? हा कागद जुलैत भरून घ्यायचा होता. फोन जवळपास सगळ्या घरांत होता. पण दहा-बारा मुलींना तो भाऊ किंवा वडील रात्री घरी आल्यावरच मिळायचा. रोजचा दीड जीबी डेटा संध्याकाळपर्यंत रिल्समध्ये संपतो, असं काहींनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मात्र मी दोनदा वाचली. तासभर सलग वेळ जवळजवळ कोणालाच मिळत नव्हता. मिळत होती ती पंधरा-वीस मिनिटं: एसटीची वाट बघताना, एसटीत, किंवा मोटार चालू करून पाणी वाफ्याच्या टोकापर्यंत जाईस्तोवर.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे सगळं गुंडाळून पूर्ववत फळ्यावर येणं. स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांचं मत हेच होतं. त्यात लाज फक्त अभ्यास मंडळापुढची होती. पण त्याने लागणीतली गैरहजेरी सुटत नव्हती.

दुसरा, केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन व्यासपीठावरचा तयार कोर्स घेणं. २०१७ पासून हे व्यासपीठ चालू आहे. व्हिडिओ, वाचन, चर्चा आणि मूल्यमापन अशी त्याची चार अंगी बांधणी चांगली आहे आणि श्रेयांकही मिळतात. पण आमची बहुतेक मुलं मराठी माध्यमातली आणि समोर दिसणारे कोर्स इंग्रजीतले. नवव्या मिनिटाचा कडा पहिल्याच मिनिटाला आला असता. हा पर्याय आम्ही फार वेळ चघळला नाही.

तिसऱ्यावर आमचं भांडण झालं. माझं म्हणणं, उलटा वर्ग ठेवू पण कडक करू. व्हिडिओ पाहिल्याशिवाय वर्गात बसू द्यायचं नाही, अंतर्गत गुण त्यावर द्यायचे. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "ज्या मुलीला फोन रात्री साडेनऊला मिळतो, तिला तुम्ही बाहेर उभी करणार का?" मी म्हणालो, तिच्यासाठी अपवाद करू. त्यावर त्या म्हणाल्या, "मग अपवाद अर्ध्या वर्गाला करावा लागेल." वाद तिथे मिटला नाही, पण दोन दिवसांनी मी तो हट्ट सोडला.

चौथा पर्याय उलट्याला पुन्हा उलटा करण्याचा होता. कल्पनेची पहिली ओळख वर्गात, समोरासमोर. सराव फोनवर, तुकड्यातुकड्याने. आणि आकडे गोळा करण्याचं काम घरी-शेतात, जिथे पोरं तशीही होती. शिकवण्याच्या पुस्तकांत याचं कौतुक सापडणार नाही, कारण यात नवं काही दिसत नाही. आम्ही हाच घेतला.

काय केलं

आधी काटछाट. दोन तास बसून आम्ही वर्गात काय करायचं नाही याची यादी केली. नोट्स सांगून उतरवून देणं बंद. छापील पानं द्यायची. दहा वर्गांतरांची, म्हणजे आकड्यांच्या दहा गटांची, कोष्टकं फळ्यावर भरणं बंद. वर्गात चार ओळींचं कोष्टक पुरे, कारण मध्यक म्हणजे मधला माणूस शोधणं हे कळायला चार ओळी लागतात. दहा ओळी हाताला वळण लावायला लागतात, आणि ते काम बसमध्ये होतं. वीस मिनिटांचे व्हिडिओ काढून टाकले. त्यातले चार-पाच तीन-तीन मिनिटांचे करून ठेवले, ज्याला पुन्हा पाहायचंय त्याच्यासाठी.

मग प्रश्नपेढी. मूडलमध्ये असा प्रश्नप्रकार आहे की प्रश्न तोच, पण प्रत्येक विद्यार्थ्याला आकडे वेगळे येतात. प्रत्येक सराव पाच प्रश्नांचा: तीन या आठवड्याचे, दोन मागचे. मागचे दोन मुद्दाम ठेवले. मध्यक शिकला की मध्य, म्हणजे नेहमीची सरासरी, विसरायचा ही आमच्याकडची जुनी खोड. मूडलच्या ॲपमध्ये चाचणी आधी उतरवून घेऊन रेंज नसतानाही सोडवता येते, मात्र ती सोय शिक्षकाने चालू करावी लागते. आम्ही ती चालू केली. मुलं महाविद्यालयाच्या वायफायवर चाचणी उतरवायची आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी उत्तरं वर चढायची.

पुढचा निर्णय शिकवण्याचा नव्हता, पगाराचा होता. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला मानधन घेतलेल्या तासांवर मिळतं. वेळापत्रकातून निघालेल्या २३ तासांतला मॅडमचा वाटा कोणाच्या खात्यात? व्हिडिओ त्यांनीही केले, प्रश्नपेढीचं बरंचसं काम त्यांचं, आणि बिलात तास कमी. महिनाभर त्या काही बोलल्या नाहीत. मलाही सुचलं नाही, कारण माझा पगार पहिल्या तारखेला होत होता. त्यांनी विषय काढला तेव्हा मी प्राचार्यांकडे गेलो. तोडगा असा निघाला की ऑनलाइन तास वेळापत्रकातच ठेवायचे, संगणक कक्षात, शिक्षक हजर. ज्याला यायचंय त्याने तिथे येऊन सराव करावा. ज्याला शेतात जायचंय त्याने फोनवर करावा. मानधनाचा प्रश्न सुटला. आणि त्याच वेळी, आमच्या डोक्यात नसताना, फोन नसलेल्या मुलींचाही सुटला. त्या तासाला कक्षात सर्वात जास्त त्याच असायच्या.

वर्गाची सुरुवात चिठ्ठीने. पहिल्या सात मिनिटांत एक प्रश्न, कागदाच्या तुकड्यावर, त्या आठवड्याच्या सरावातलाच. गुण नाहीत. चिठ्ठ्या चाळून कोण कुठे अडकलंय ते बघायचं आणि पुढे जायचं. मागे राहिलेल्यांसाठी शेवटच्या दोन बाकांवर मॅडम दहा मिनिटं बसायच्या. मी स्वतःशी एकच नियम केला होता: पाठ फिरवून अख्खा धडा पुन्हा घ्यायचा नाही. दोनदा मोडला.

सर्वात चांगलं काम मात्र आमच्या आराखड्यात नव्हतंच. सरासऱ्यांचा धडा संपत आला होता. एक मुलगी तासानंतर टेबलापाशी आली. "सर, मोबाईलवर आपल्या मार्केटचा सर्वसाधारण दर १,८०० दिसतो आणि पप्पांना १,३०० मिळाले. मग ते खोटं दाखवतात का?"

बाजार समित्यांच्या दरात कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. यातला सर्वसाधारण म्हणजे सरासरी असं आम्ही सगळेच धरून चालतो. पण त्याच तक्त्याच्या इंग्रजी आवृत्तीत त्या जागी 'मोडल' असतं, म्हणजे बहुलक: ज्या दराला सर्वात जास्त माल जातो तो. मी तिला म्हणालो, "माल विकल्यावर मिळालेली हिशोबपट्टी आहे का घरी? नाव झाकून फोटो आण. आणि बाकीच्यांनाही सांग."

आठवड्याभरात मूडलवर साठ-सत्तर हिशोबपट्ट्यांचे फोटो जमा झाले. वर्गात आम्ही दोनशे-दोनशे रुपयांची वर्गांतरं पाडली. चांगल्या कांद्याचे भाव एकाच वर्गात दाटीने बसले आणि गोल्टीची, म्हणजे बारीक कांद्याची, शेपटी डावीकडे लांबत गेली. बहुलक वर, मध्यक त्याखाली, मध्य सर्वात खाली. तिच्या वडिलांची पट्टी त्या शेपटीत होती. ती म्हणाली, "म्हणजे खोटं नाही, पण आमचं नाही." मग मागच्या बाकावरून एकजण: "पण सर, दोन क्विंटल गोल्टीची पट्टी आणि वीस क्विंटलची पट्टी, दोन्ही एकच कशी मोजायची?" भारित मध्य, म्हणजे मालाच्या वजनासारखा भार धरून काढलेली सरासरी, अभ्यासक्रमात दोन आठवड्यांनी येणार होता. मी तो त्याच तासाला घेतला.

काय झालं

लागणीच्या आठवड्यांत वर्गातली हजेरी पहिल्यासारखीच पडली. ब्लेंडेड केलं म्हणून कांदा थांबत नाही. पण गैरहजर मुलांतली बरीच जण सराव करत राहिली आणि परत आल्यावर चिठ्ठीवर कोरा कागद देणारे कमी झाले. निकालाची मागच्या वर्षाशी तुलना मी करत नाही. प्रश्नपत्रिकेचं स्वरूप आम्हीच बदललं होतं. 'या आकडेवारीला मध्य योग्य की मध्यक, कारण द्या' या प्रश्नाला मात्र पूर्वी पाठ केलेली दोन वाक्यं यायची. या वेळी बऱ्याच उत्तरपत्रिकांत गोल्टी आली.

चार-पाच मुलं सुटलीच. ती बाजारपेठेत दुकानांत कामाला होती. ना वर्गात, ना फोनवर, ना संगणक कक्षात. त्यांच्यासाठी आमच्या रचनेत काहीच नव्हतं.

आणि एक प्रकरण घडलं. सहाव्या-सातव्या सरावाला मी उत्तरं तपासत होतो. प्रत्येकाचे आकडे वेगळे, पण वीसेक जणांचं मध्यकाचं उत्तर चुकलं होतं आणि प्रत्येकाचं बरोबर अर्ध्याने, म्हणजे ०.५ ने, जास्त. वर्ग १०–१९, २०–२९ असे दिले होते. ते आधी सलग करून घ्यावे लागतात, म्हणजे खालची मर्यादा २० नाही, १९.५ धरायची. ही पायरी वीस जण स्वतंत्रपणे विसरू शकतात. पण त्यातल्या कोणाचीच दुसरी कुठलीही चूक होत नाही, असं घडत नाही.

चौकशीत कळलं की एका मुलाने गुगल शीटवर तक्ता केला होता. आकडे टाका, उत्तर घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फिरला होता. माझी पहिली प्रतिक्रिया सर्वांना शून्य देण्याची होती, आणि तसं मी वर्गात बोलूनही बसलो. मॅडम कक्षातून बाहेर पडताना म्हणाल्या, "सर, हे त्याने न समजता केलं असेल का?" संचित वारंवारता ओळखून योग्य वर्ग शोधणारं सूत्र त्याने स्वतः लिहिलं होतं. वर्गात दोघा-तिघांनाच ते जमलं असतं. त्या पोराला समोर बोलावलं, तक्ता पडद्यावर लावला आणि वर्गाला विचारलं, उत्तर अर्ध्याने का चुकतंय ते शोधा. पंधरा मिनिटं लागली. शून्याची धमकी मी मागे घेतली. ती द्यायलाच नको होती. त्यानंतर महिनाभर त्या पोराने माझ्या तासाला तोंड उघडलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाच प्रश्नांचा कागद व्हिडिओ करण्याआधी. आमची दिवाळीची सुट्टी वाचली असती. हे सर्वात स्वस्त काम होतं आणि आम्ही ते सर्वात शेवटी केलं.

४० टक्के हा आकडा आधी आणि आशय नंतर, हा क्रम चुकला. प्रत्येक घटकापुढे आधी लिहायला हवं होतं: इथे पोरं कुठे अडतात, आणि अडल्यावर शेजारी कोण हवं? त्यातून कदाचित २३ तास निघाले असते, कदाचित पंधरा. आम्ही हा तक्ता सातव्या आठवड्यात केला, तोही कोर्स निम्मा झाल्यावर दुरुस्तीच्या घाईत.

मॅडमच्या मानधनाचा विषय मंजुरीच्या बैठकीतच निघायला हवा होता आणि तो काढणं माझं काम होतं. ज्याचे तास कापले जाणार त्यालाच तो काढायला लावणं बरोबर नव्हतं. यावर अजून पक्की व्यवस्था नाही. संगणक कक्षाचा तोडगा प्राचार्यांच्या तोंडी परवानगीवर चालू आहे.

दुकानात काम करणाऱ्या मुलांसाठी सकाळी साडेसातचा एक तास ठेवून पाहिला असता तर ती आली असती का, हे आम्ही त्यांना विचारलंच नाही. या सत्रात विचारणार आहोत.

सरावाचे प्रश्नही बदलले आहेत. नुसतं उत्तर मागणारे प्रश्न दोन, आणि तिसऱ्यात कोणीतरी सोडवलेलं उदाहरण देऊन चूक कुठल्या पायरीवर आहे ते विचारायचं. त्यासाठी चुकीची उदाहरणं लागतात आणि ती जुन्या चिठ्ठ्यांत ढिगाने आहेत. गुगल शीटचा तो तक्ता आता कोर्सच्या पहिल्याच पानावर ठेवला आहे, चुकीसकट. तो करणारा पोरगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, ती चूक आता तरी दुरुस्त करू द्या ना, खाली माझं नाव आहे."